पुढून छान दिसतंय

सोमवार, ३ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब वाढतोय, राग आला की तोंडाने काढू नका, कागदावर काढा. म्हणून ही वही. आजच अर्धी संपेल असं दिसतंय.

तेवीस वर्षं मी संध्याकाळी सातच्या बातम्या वाचते. तेवीस वर्षांत कपड्यांनी मला कधी त्रास दिला नाही. आमच्या वाहिनीला एक मोठं दुकान कपडे पुरवतं आणि त्या बदल्यात बातम्यांच्या शेवटी दुकानाचं नाव पडद्यावर सरकतं. कोट यायचा, मी घालायची, बसायचा. संपला विषय. ‘तुमचं बरंय हो, हँगरवरून काढला की अंगावर,’ असं सगळ्या म्हणायच्या, आणि मी ‘असतं एकेकाचं अंग’ म्हणून हसायची.

आजचा निळा कोट बसला म्हणजे नावडत्या घरी पाहुणा बसतो तसा बसला. टेकल्यासारखा. उजव्या काखेतून एक सुरकुती निघाली ती थेट बटणापर्यंत. पाठीवर एवढा फुगा की आत एक उशी मावली असती. रंगभूषावाल्या मुलीने कागद धरायचे काळे चिमटे आणले आणि पाठीवर चार लावले. ‘पुढून छान दिसतंय,’ म्हणाली. ‘मागचं कोण बघतंय?’

बघत कोणी नसेल, पण टोचतंय मला! अर्धा तास पाणीटंचाईच्या बातम्या वाचत होते आणि मणक्याशी एक चिमटा चावत होता.

गेल्या पंधरवड्यापासून हे असंच चाललंय. त्याआधी सुईमावशी होती. कपडेखोलीतली बाई, इस्त्री करून कपडे आणून द्यायची. बाहीला कायम दोन-तीन सुया खोचलेल्या, म्हणून हे नाव. तिला निरोप दिला. केक आणला होता. मला मथळे वाचून बघायचे होते, म्हणून मी मध्येच उठले. आता कपडे खोक्यातून थेट येतात. त्याने एवढा फरक पडायला नको. इस्त्री ती इस्त्री.

माझंच अंग सुटलं असणार.

गुरुवार, ६ मार्च

वजनकाट्यावर उभी राहिले. मागच्या वर्षीइतकंच वजन. खाली उतरले, परत चढले. तेवढंच.

मग हे काय आहे? नवऱ्याला विचारलं, ‘मी जाड झाले का?’ तो शाळेत भूगोल शिकवतो, पेपर तपासत बसला होता. मान वर न करता म्हणाला, ‘क्षेत्रफळ तेच आहे.’

पेपरांचा गठ्ठा उचलून खिडकीतून टाकावासा वाटला. टाकला नाही. इथे लिहिलं.

मंगळवार, ११ मार्च

आज सहा चिमटे.

आणि बैठक. आमचे नवे साहेब म्हणजे डोक्यापासून बुटापर्यंत नुसती चकाकी. मी त्यांना मनातल्या मनात चकचकीत म्हणते. चकचकीतांनी जाहीर केलं की चोवीस तारखेपासून नवा स्टुडिओ. टेबल नाही. आम्ही उभं राहून, चालत चालत बातम्या सांगायच्या. कॅमेरे चारी बाजूंनी.

‘चारी बाजूंनी?’ मी म्हटलं. ‘आणि आमच्या पाठी?’

‘पाठ दाखवणार नाही हो, मॅडम. पाठीला बघायला कोण टीव्ही लावतंय?’

सगळे हसले. धाकटीसुद्धा हसली. धाकटी म्हणजे दुपारच्या बातम्या वाचणारी, दोन वर्षांपूर्वी आलेली. कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्या पाठीवरही चिमटे असतात, पण तिला त्याचं काहीच वाटत नाही. ‘ताई, मला तर मज्जाच वाटते,’ म्हणते, ‘एवढे भारी कपडे आपण थोडेच घेतले असते!’

शुक्रवार, १४ मार्च

सुट्टी घेतली. घरचं कपाट उघडलं आणि सगळं पलंगावर ओतलं. म्हटलं, बघू तरी, बाहेरचे कपडे बसत नाहीत, घरचे तरी बसतात का.

सकाळी नऊला सुरुवात केली, एक वाजता जमिनीवर बसून रडले. रागाने. लिहून ठेवते, म्हणजे परत विसरणार नाही.

हिरवा ड्रेस: पाच वर्षांपूर्वीचा. दोन किलो उतरले की बसेल म्हणून घेतला. दोन किलो कुठेही गेले नाहीत, ड्रेसही नाही. तपकिरी पँट: कमरेला नेमकी, पण खाली बसलं की श्वास घ्यायचा नाही. म्हणजे ही पँट फक्त उभ्या माणसासाठी आहे. बहिणीने दिलेला रेशमी शर्ट: तिला शोभतो म्हणून तिने मलाही घेतला. तो घातला की मी तिच्यासारखी दिसते, आणि ती मला कधीच सांगत नाही की तिला काय हवंय, मला मात्र कायम सांगते की मला काय हवंय. पांढरा कोट: निम्म्या किमतीत मिळाला. बाह्या लांब. चार वर्षं दुमडून घालतेय आणि चार वर्षं दुमड सुटतेय.

एकही कपडा धड वाईट नाही, हीच तर मेख आहे. वाईट असता तर फेकला असता. हे सगळे ‘जवळजवळ’ आहेत. जवळजवळ बसतात, जवळजवळ शोभतात, आणि मी जवळजवळ खूश राहून अर्धं आयुष्य काढलंय. सगळ्या ढिगातून एकच वस्तू मनापासून आवडली. नऊ वर्षांपूर्वीचा काळा लांब शर्ट, कोपरांवर विरलेला. तो मी घरात घालते, कोणी येणार नसेल तेव्हा.

मग खालच्या खणातून ते निघाले. स्टुडिओतले जुने कोट. दुकान वर्षाअखेरीला वापरलेले दोन-तीन कोट आम्हाला देऊन टाकतं. राखाडी घातला. बसला. मरून घातला. बसला. सहा वर्षांपूर्वीचा घातला, तोही. हात वर, हात खाली, बसले, उठले. कुठेही काही नाही.

दुकान तेच, माप तेच, मी तीच. मग?

राखाडी उलटा केला. अस्तराच्या आत हाताची टीप होती. बारीक, मुंगीच्या पावलांसारखी. दुकानाची शिलाई उसवून सगळी कड नव्याने घातलेली. पाठीत दोन टक, कंबर आत घेतलेली. आणि उजव्या खांद्यात, फक्त उजव्या, कापसाची पातळ गादी. डाव्यात नाही.

मरून उलटा केला. तेच. सगळे उलटे केले. सगळ्यांत तेच.

आरशासमोर उभी राहिले. खांदे बघितले. उजवा खांदा खाली आहे माझा. चांगला दिसण्याइतका खाली. बावन्न वर्षं झाली, मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी नवरा आला. त्याला विचारलं.

‘अगं, लग्नाआधीपासून आहे तो,’ म्हणाला. ‘मला वाटलं तुला माहीत आहे.’

‘आणि कोट? सुईमावशी कोट उसवून परत शिवते हे?’

‘ते नाही बाई माहीत. पण तुझे कोट तुला बरे बसायचे, बाकीचे कपडे बसायचे नाहीत, एवढं दिसत होतं.’

तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांना दिसत होतं! मी तेवढी आंधळी. आणि त्या बाईने हे केलंच का? मी सांगितलं होतं? तेवीस वर्षं मी ‘असतं एकेकाचं अंग’ म्हणून मिरवत होते आणि ती दाराआड उभी राहून ऐकत असेल. हसत असेल.

सोमवार, १७ मार्च

दोन दिवस विचार केला. ती हसली नसावी. हसणाऱ्या माणसाची टीप इतकी सरळ येत नाही.

आज चकचकीतांच्या खोलीत गेले. सांगितलं, सुईमावशीला परत घ्या, तिच्याशिवाय आमचे कपडे बसत नाहीत.

‘पण ती तर इस्त्रीला होती ना, मॅडम? इस्त्री आता बाहेरून होते.’

‘ती इस्त्रीला नव्हती. ती प्रत्येक कोट नव्याने शिवत होती.’

‘कुणी सांगितलं होतं तिला?’

शुक्रवारी मीच हे विचारलं होतं.

मग त्यांनी फाइल काढली. अगदी प्रेमाने. ‘आम्ही सगळ्यांना विचारूनच निर्णय घेतला हो. हे बघा.’ एक कागद. जानेवारीतला. ‘कपडेखोलीसाठी स्वतंत्र कर्मचारी आवश्यक आहे काय?’ खाली दोन चौकोन. आवश्यक आहे, आवश्यक नाही. दुसऱ्या चौकोनात खूण. खाली माझी सही. तारीख माझ्या हातची.

मला आठवतही नाही. असे कागद येतात, कोणीतरी चहाबरोबर पुढे सरकवतं, ‘मॅडम, इथे आणि इथे’. धाकटीने सही केलेली, रात्रीच्या बातम्या वाचणाऱ्याने केलेली, म्हणून मीही केली. ज्या बाईच्या टिपेवर मी तेवीस वर्षं उभी आहे, तिच्या पोटावर मी खूण केली, न वाचता. आणि मी कोण? वाचणारी. वाचण्याचाच पगार घेते.

पुढे लिहवत नाही.

गुरुवार, २० मार्च

सकाळी सुईमावशीकडे गेले. पत्ता रंगभूषावाल्या मुलीकडून मिळाला. दुसरा मजला, पुढची खोली, खिडकीशी शिलाईमशीन. भिंतीला दोरी, दोरीवर लोकांचे कपडे, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टोचलेली. तिने मला बघितलं आणि मशीन थांबवली नाही. कड पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, मगच बोलली.

‘बसा.’

खुर्चीवर कोणाची तरी पँट होती. मी उभीच राहिले.

‘मावशी, मला माहीत नव्हतं. कोटांचं. परवा उलटे करून बघितले.’

‘तेवीस वर्षांनी.’

‘तुम्ही कधी सांगितलं का नाही?’

‘सांगून काय झालं असतं? कॅमेऱ्यासमोर खांदा उचलून बसला असता. मग बातमीही वाकडी झाली असती. सरळ वाचत होता, वाचू दिलं.’

‘हसू नाही आलं कधी? मी म्हणायची ते ऐकून?’

‘यायचं. कधी हसू, कधी राग. दोन्ही आले तरी काजं करायची थांबत नाहीत.’

मी म्हटलं, त्या कागदावर माझी सही आहे. तिला ठाऊक होतं. चकचकीतांनी तिलाही दाखवला होता तो कागद, तिचं तोंड बंद करायला.

‘मी वाचला नव्हता, मावशी. खरंच.’

‘वाचायचंच तर काम तुमचं,’ ती म्हणाली. मोठ्याने नाही. मोठ्याने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मग मी माझ्या हातचा हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, मी साहेबांशी बोललेय, तुम्हाला परत घ्या म्हणून.

ती एकदम उठली. ‘मला विचारलंत? मला यायचंय का, हे विचारलंत? जाताना विचारलं नाहीत, आणतानाही विचारत नाही. मी म्हणजे काय कोट आहे, काढला, घातला? जा बाई. मला ही पँट बाराला द्यायची आहे.’

जिन्यात मला इतका राग आला, इतका राग! माफी मागायला आलेल्या माणसाशी असं बोलतात? पहिल्या मजल्यावर पोहोचेपर्यंत लक्षात आलं की मी माफी मागितलीच नव्हती. ‘मला माहीत नव्हतं’ एवढंच म्हटलं होतं. पण परत वर गेले नाही. अकराची बस होती.

सोमवार, २४ मार्च

नवा स्टुडिओ. जमीन आरशासारखी. उभं राहिलं की खाली आपण उलटे. नऊ चिमटे. चालताना खुळखुळ वाजतात, म्हणून ध्वनिवाल्याने प्रत्येकाला चिकटपट्टी लावली. चिमट्याला चिकटपट्टी, चिकटपट्टीला कापूस. पुढून लोणी, मागून भंगारचं दुकान. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हा.

बुधवार, २६ मार्च

केलं.

आज पिवळा कोट होता. अकरा चिमटे. मी मोजायला लावले. त्यातला एक नेमका बरगडीवर, श्वास घेतला की चावायचा. शेवटची बातमी हवामानाची. ती झाली, नमस्कार झाला, आणि पडद्यावर दुकानाचं नाव सरकायला लागलं. ‘वेशभूषा सौजन्य’.

आणि मी वळले.

ठरवलं नव्हतं. खरं लिहायचं तर सुईमावशीसाठी वगैरे काही नव्हतं, बरगडीसाठी होतं. वळले आणि पाठ कॅमेऱ्याकडे करून उभी राहिले. कानातल्या यंत्रात नियंत्रण कक्षातून किंकाळ्या. ‘वळा! मॅडम, वळा!’ आमच्या कॅमेरावाल्याने, देव त्याचं भलं करो, कॅमेरा हलवला नाही. अकरा काळे चिमटे, कापूस, चिकटपट्टी, आणि त्यावरून दुकानाचं नाव सावकाश, झोकात, सरकत गेलं.

चकचकीत जिन्यावरून धावत आले. चेहऱ्यावरची चकाकी पार उतरलेली. ‘उद्यापासून येऊ नका. चौकशी होईल.’ मी म्हटलं, ‘आधी मागचे काढा कोणीतरी, माझा हात पोहोचत नाही.’

घरी नवरा दारातच उभा होता. ‘बघितलं,’ म्हणाला. मला वाटलं, चिडला. मग दिसलं, की हसू दाबून दाबून त्याचे डोळे पाणावले होते.

सोमवार, ३१ मार्च

पाच दिवस फोन. निम्मे शाबासकीचे, निम्मे ‘या वयात हे शोभतं का’चे. काल औषधाच्या दुकानात एक अनोळखी बाई जवळ आली, इकडेतिकडे बघितलं आणि शर्ट उचलून पँटची कंबर दाखवली. मोठी सेफ्टी पिन. ‘सात वर्षं झाली,’ म्हणाली आणि गेली.

दुकानाने छापील खुलासा दिलाय. ‘आमचे कपडे प्रमाणित मापाचे असतात. परिधान करणाऱ्याची शरीरयष्टी प्रमाणाबाहेर असल्यास आमचा नाइलाज आहे.’ प्रमाणाबाहेर! चोराच्या उलट्या बोंबा. कोणाच्या प्रमाणाबाहेर? कोणी मोजलं? मापं काढलेली ती बाई कोण आहे जिच्यापेक्षा आम्ही सगळ्या थोड्या थोड्या चुकीच्या आहोत? दिसली तर तिला चहा पाजून विचारेन, तुला तरी बसतात का गं?

दुपारी धाकटीचा फोन. आता सातच्या बातम्या तीच वाचते. मी जरा ताठच बोलले. मग कळलं, ती रडतेय.

‘ताई, तुम्ही वळलात. आता सगळे माझ्या पाठीकडे बघतात. चिमटे बंद केले साहेबांनी. कोट अंगालाच चिकटवतात, त्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने. काल काढताना कातडं निघालं.’

‘मग नाही म्हण!’

‘तुम्हाला तेवीस वर्षं झाली, ताई. मला दोन झालीत.’

मी वळले, टाळ्या घेतल्या, आणि चटका तिला. हा राग कोणावर काढायचा ते डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

गुरुवार, ३ एप्रिल

चौकशीची तारीख चौदा. सकाळी परत सुईमावशीकडे गेले. दारातच, चप्पल काढायच्या आधी म्हटलं, ‘माफी मागायला आलेय. न वाचता सही केली, न विचारता रदबदली केली. दोन्हीची.’

ती म्हणाली, ‘ऐकलं.’ माफ केलं असं म्हणाली नाही.

मग मी म्हटलं, ‘आणि गिऱ्हाईक म्हणूनही आलेय. एक कोट हवाय.’

‘मग रांगेत बसा.’

माझ्या आधी तीन जण होते. पाऊण तास बसले. नंबर आला तेव्हा तिने टेप गळ्यात टाकली आणि विचारलं, ‘कसा हवाय?’

‘तुम्हाला माहीतच आहे माझं माप.’

‘माप मला माहीत आहे. कसा हवाय ते विचारतेय.’

आणि मला सांगता येईना! रंग? दुकान ठरवायचं. कॉलर? दुकान ठरवायचं. मी म्हटलं, ‘साधासा, चांगला.’ ती म्हणाली, ‘साधासा-चांगला असं कापड मिळत नाही बाजारात. घरी जा. काय आवडतं ते घेऊन या. फोटो नको, दुसऱ्या कोणाचा कोट नको. तुमचं.’

पन्नाशी उलटलेल्या बाईला गृहपाठ!

शनिवार, ५ एप्रिल

तो विरलेला काळा शर्ट घेऊन गेले. ओशाळतच दिला. तिने तो उजेडात धरला, कोपर बघितले, कॉलर बघितली, वास घेतला म्हटलं तरी चालेल.

‘हा का आवडतो?’

सांगत सुटले. मानेला टेकत नाही. खाली लांब आहे, वाकलं तर ओढावा लागत नाही. बाही मनगटाच्या वर संपते, मला बोलताना हात लागतात. खिसे खोल आहेत. रंग ओरडत नाही.

‘बघा,’ ती म्हणाली, ‘एवढं सगळं माहीत होतं.’

मग माप घेतलं. लिहून ठेवायला मला सांगितलं आणि मोठ्याने सांगत गेली. उजवा खांदा पाऊण इंच खाली. डावी बाही अर्धा इंच कमी. पाठ वरून गोल. कंबर एका बाजूला वळलेली. मी एकेक आकडा लिहीत होते. मला वाटलं होतं लाज वाटेल. शाळेत पहिल्यांदा स्वतःच्या घराचा नकाशा काढला होता, तसं वाटलं.

बुधवार, ९ एप्रिल

कोट पहिल्यांदा घालून बघायचा दिवस. कापड गडद तपकिरी, भिजलेल्या मातीसारखं. घातला. आरसा. बरा होता. चांगलाच होता. उजवा मुंढा, बाही खांद्याला जोडतात तिथे, किंचित ओढत होता, हात वर केला तरच. तिने एवढे दिवस इतर कामं बाजूला ठेवलेली मला दिसत होती. म्हटलं, ‘छान झालाय, मावशी.’

‘हात वर करा.’

केला.

‘छान झालाय?’

‘हो... म्हणजे एवढं काही नाही. चालेल.’

तिने कोट अंगावरून काढून घेतला आणि माझ्यासमोर कात्रीच्या टोकाने अख्खा मुंढा टरकन उसवला. ‘टीव्हीवर सगळ्या गावाला पाठ दाखवता आणि माझ्यासमोर खोटं बोलता? चालेल म्हणजे काय? कुठे चालेल? मी चालेलसाठी डोळे फोडते का?’

चालेल, बरंय, छानच आहे, काही नाही होत. माझ्या तोंडात हे शब्द इतके बसलेत की तेच तेवढे मापाचे आहेत.

‘मुंढा ओढतो,’ मी म्हटलं. ‘आणि डावा खिसा बोटभर खाली हवा.’

‘हां,’ ती म्हणाली. ‘आता गिऱ्हाईक झालात.’

शनिवार, १२ एप्रिल

कोट झाला. टेबलावर पसरला तर चुकलेला दिसतो, एक खांदा वर, एक खाली, एक बाही तोकडी. कोणीही म्हणेल, शिंप्याने वाट लावली. घातला तर मी सरळ. तिने मागे दुसरा आरसा धरला आणि मी पहिल्यांदा माझी पाठ बघितली. काही बोलायला गेले, तर म्हणाली, ‘आभार नकोत. पुढच्याला हाक मारा.’

सोमवार, १४ एप्रिल

चौकशी. चकचकीत आणि वरून आलेले दोघे. शेजारच्या दांडीवर तीन कोट लटकवलेले. दुकानाने पाठवलेले, ‘विशेष मापाचे’. अट अशी, की पडद्यावर दुकानाची दिलगिरी व्यक्त करायची आणि हे कोट घालायचे. मग सातच्या बातम्या परत माझ्या.

‘घालून तर बघा,’ वरच्यांपैकी एक म्हणाले. आवाज चांगला होता, माणूसही वाईट नसावा.

घातला. आणि खोटं का लिहू, जवळजवळ बसला. पूर्वीच्यापेक्षा कितीतरी बरा. काखेत थोडासा धरत होता. सातची वेळ, तो उजेड, तो पहिला ‘नमस्कार’. सगळं त्या काखेएवढ्या अंतरावर होतं. मी अर्धा मिनिट तशीच उभी राहिले. तोंडात ‘चालेल’ आलंसुद्धा.

काढला आणि हँगरला लावला.

‘नाही बसत,’ म्हटलं. ‘आणि बसला असता तरी दिलगिरी नाही. त्या मुलीच्या पाठीचं कातडं निघतंय, त्याची चौकशी कधी आहे?’

चकचकीत म्हणाले, ‘तो आजचा विषय नाही.’

‘मग तुमचा आजचा विषय मला नको.’

तेवीस वर्षं बारा मिनिटांत संपली. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि पोटभर शिव्या दिल्या, एकटीनेच. दरवान ऐकत होता. त्याने पाणी आणून दिलं.

सोमवार, २१ एप्रिल

आठवडाभर काही लिहिलं नाही. संध्याकाळी सात वाजले की घसा आपोआप खाकरला जातो. नवरा म्हणतो, मोठ्याने वाच काहीतरी, मी ऐकतो. काल नद्यांवरचा धडा वाचून दाखवला. झोपला.

कपाटातले ‘जवळजवळ’ सगळे देऊन टाकले. बहिणीचा शर्ट तिला परत केला. रुसली. रुसू दे.

आज दुपारी बेल वाजली. दारात सुईमावशी. या घरात पहिल्यांदा आली. पाणीही न घेता पिशवीतून पाकीट काढलं. वाहिनीचं पत्र. वरच्यांपैकी एकाने पाठवलं होतं. कपडेखोली पुन्हा सुरू करतोय, आपण रुजू व्हावं. धाकटीने पाठीच्या कातड्याचा डॉक्टरचा कागद नेऊन वरच्यांसमोर ठेवला म्हणे. मला बोलली नव्हती. तिखट आहे पोरगी.

‘मी दोनदा वाचलंय,’ सुईमावशी म्हणाली. ‘आता तुम्ही वाचा. मोठ्याने. सावकाश.’

बातमी वाचतात तसं वाचलं. प्रत्येक ओळ, बारीक अक्षरातलीसुद्धा. चौथ्या कलमाशी माझा आवाज चढला. ‘कर्मचाऱ्याचे काम: कपड्यांची इस्त्री व सांभाळ.’ परत इस्त्री! अख्ख्या कागदात शिलाई हा शब्द नाही.

‘हे काय आहे? यांना अजून—’

‘ओरडू नका, वाचा पुढे.’

वाचलं. संपवलं. मग माझ्या जिभेवर सल्ला आला, चांगला लांबलचक. गिळला. विचारलं, ‘मावशी, तुम्हाला जायचंय का?’

ती खिडकीपाशी गेली. ‘तिथे जायचं नाही,’ म्हणाली. ‘त्या खोलीला खिडकी नाही. काम करेन, माझ्या घरी. ज्याला कपडा घालायचा आहे त्याने येऊन उभं राहावं माझ्यासमोर. साहेब असला तरी. आणि पडद्यावर दुकानाचं नाव सरकतं ना, त्याखाली माझं.’

‘लिहू का असं?’

‘लिहा. तुमच्या भाषेत नको. मी बोलते तसं.’

मी पेन घेतलं. तिने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदा माझ्या घरात बसली. चार ओळी झाल्यावर म्हणाली, ‘थांबा. काय लिहिलंत ते वाचून दाखवा.’

वाचलं.

‘दुसरी ओळ जरा सैल आहे,’ ती म्हणाली. ‘उसवा.’